कु. राजेंद्र तांबे, इयत्ता नववी

राजेंद्र तांबे यांचं डोकं मोठं होतं. म्हणजे फार हुशार होतं असं नव्हे. हुशारी कारकुनाला पुरेल एवढीच. मोठं म्हणजे घेरानं मोठं. लहानपणी स्काउटची टोपी मागून उसवल्याशिवाय त्यांना घालता आली नाही. लग्नात मित्रांनी हौसेनं तयार फेटा आणला, तो टाळूवर पणती ठेवल्यासारखा बसला आणि सगळ्या फोटोंत तसाच राहिला. मोटरसायकल त्यांनी कधी घेतलीच नाही. डोक्यात शिरेल असं हेल्मेट महाडच्या बाजारात मिळेना आणि बिनहेल्मेटची चालवायला मन धजेना. त्यामुळे वयाच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत ते रोज सकाळी महाड डेपोतून एसटी धरत, पोलादपूरला उतरत आणि तिथून टमटमनं कातळवाडीच्या हायस्कुलात पोचत.

शाळेत कारकून एकच, म्हणून हेड क्लार्कही तेच. शिपाई निवृत्त झाल्यापासून घंटाही त्यांच्याकडेच होती.

या शाळेत डोंगरावरच्या वाड्या-कोंडांवरून एकतीस मुली चालत येत. कोणी चार किलोमीटर, कोणी सात. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुंबईच्या मस्तक रक्षा प्रतिष्ठान नावाच्या संस्थेनं या मुलींसाठी एकतीस सायकली पाठवल्या. सायकली सुंदर होत्या, आकाशी रंगाच्या, पुढे टोपली असलेल्या. पण बरोबर पत्र होतं : हेल्मेट येतील, ती प्रत्येक मुलीच्या डोक्याला नीट बसल्याचं प्रमाणपत्र शाळेनं द्यावं, तोवर सायकली कुलपात ठेवाव्यात. म्हणून सायकली प्रयोगशाळेत गेल्या आणि प्रयोग व्हरांड्यात आले.

हेल्मेट आली ती बिरवाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे. तांबे स्वतः टेम्पो घेऊन गेले आणि दोन मोठी खोकी घेऊन आले. मुख्याध्यापक मोरे सरांनी सगळ्यांसमोर खोकं फोडलं. आत पिवळीधमक हेल्मेट. पहिलं त्यांनी नववीतल्या सेजलच्या डोक्यावर ठेवलं. ठेवलं म्हणजे सोडलं. ते भुवया, नाक, ओठ असं करत थेट हनुवटीपर्यंत गेलं आणि तिथे थांबलं.

"कसं वाटतंय गं?" मोरे सरांनी विचारलं.

"सर, आत आवाज घुमतोय," आतून सेजल म्हणाली. "आन्‌ दिसत काय नाय."

दुसरं घातलं, तिसरं घातलं. एकतीसच्या एकतीस त्याच मापाची. एक सगळ्यांत थोराड मुलगी होती, तिनं अंबाडा वर बांधून पाहिला. तरी दोन्ही कानांच्या बाजूनं हात जाईल एवढी जागा राहिली.

तांब्यांनी त्याच दुपारी पत्र लिहिलं : "प्राप्त हेल्मेट आकाराने मोठी असून विद्यार्थिनींच्या डोक्यांस बसत नाहीत. सबब बदलून मिळावीत."

आठ दिवसांनी उत्तर आलं : "हेल्मेट प्रमाणित आहेत. सबब विद्यार्थिनींच्या डोक्यांची तपासणी करून सोबतचे प्रपत्र 'ब' भरून पाठवावे."

प्रपत्र 'ब' तांब्यांनी दोनदा वाचलं. नोकरीच्या तीस वर्षांत त्यांनी नाना तऱ्हेची प्रपत्रं भरली होती, पण असं पाहिलं नव्हतं. विद्यार्थिनीचे नाव. डोक्याचा घेर. घेर कमी असल्यास कारण : जन्मजात, आहारातील त्रुटी, नुकतेच केस कापले, इतर. आणि शेवटचा रकाना, घेर वाढवण्यासाठी शाळेने केलेली उपाययोजना.

त्यांची बायको निशा घरी ब्लाऊज शिवायची. तिचा टेप खिशात घालून ते दुसऱ्या दिवशी शाळेत आले आणि एकतीस मुलींना रांगेत उभं करून डोकी मोजू लागले. पोषण आहार शिजवणाऱ्या चंद्राबाई पातेलं घासता घासता हे बघत होत्या. साठीच्या बाई, पंपाला पाणी नसलं की अजूनही ओढ्यावरून हंडा डोक्यावर आणत.

"भाऊ, काय चाललंय ह्ये?"

"डोकी लहान का आहेत ते लिहून पाठवायचंय, मावशी. कारणं दिलीत त्यांनी. जन्मजात, आहारातली त्रुटी..."

"आहार?" चंद्राबाई पातेलं टाकून उठल्याच. "माझ्या खिचडीनं पोरींची डोकी ल्हान ऱ्हायली? कोन म्हनतो? बोलवा त्याला हितं! चार वाढपं घालते, मग बघू त्याचं डोकं कितीला जातंय!"

तांब्यांनी त्यांना कसंबसं शांत केलं. प्रपत्रात कारणाच्या रकान्यात त्यांनी एकतीस वेळा 'इतर' लिहिलं आणि तपशिलात लिहिलं : "डोके डोक्याएवढे आहे." उपाययोजनेपुढे 'निरंक' लिहिलं आणि पाठवून दिलं.

मग महिनाभर काही आलं नाही. मुली चालत येत होत्या, चालत जात होत्या. येता-जाता प्रयोगशाळेच्या खिडकीला नाक लावून सायकली बघत. एका सोमवारी चंद्राबाईंनीच एक तोड काढली. त्यांनी जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची गोल चुंबळ वळली, हंड्याखाली घेतात तशी, आणि हेल्मेटच्या आत बसवून ते सेजलच्या डोक्यावर ठेवलं. हेल्मेट बसलं! नाक, डोळे सगळं बाहेर. मोरे सरांनी टाळी वाजवली.

"तांबेभाऊ, झालं काम! एकतीस चुंबळी वळा, फोटो काढा, प्रमाणपत्र टाका पाठवून."

तांब्यांनी हेल्मेट दोन्ही हातांनी धरून हलवलं. हेल्मेट उजवीकडे गेलं, डावीकडे गेलं, सेजलचं डोकं होतं तिथेच राहिलं. चंद्राबाई ते बघत होत्या. त्यांनी पुढे होऊन स्वतःच आपली चुंबळ काढून घेतली.

"नाय भाऊ. नाय जमायचं. चुंबळ हंड्यासाठी हाय. हंडा पडला तं हंड्याला पोचा येतो. हितं पोरगी पडायची हाय."

"मावशी, तुम्ही आमचं होत आलेलं काम मोडताय," मोरे सर म्हणाले. मोरे सर वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त कुठलाही विषय फाइलमध्ये गेलेला आवडायचा. त्या संध्याकाळी त्यांनी तांब्यांना खोलीत बोलावलं. "हे बघा, सायकली बाहेर पडणं महत्त्वाचं. एकदा पडल्या की हेल्मेट अडकवू देत हँडलला. आपल्या इथे कोण घालतंय? तुम्ही प्रमाणपत्र टाइप करून ठेवा, योग्य वेळी सही करू."

तांब्यांना ते पटलं नाही, पण सात किलोमीटर चालून येणाऱ्या पोरी डोळ्यांपुढे आल्या. त्यांनी प्रमाणपत्र टाइप केलं : सर्व हेल्मेट सर्व विद्यार्थिनींस व्यवस्थित बसत आहेत. टेबलाच्या खणात ठेवून दिलं.

जानेवारीत संस्थेची बाई तपासणीला आली. श्रुतिका तिचं नाव, ठाण्याची, पंचविशीतली. येताना घाटात बिचारीला गाडी लागली होती. चंद्राबाईंनी लिंबूपाणी दिलं, तेव्हा तिच्या जिवात जीव आला. तिनं पिशवीतून पुस्तिका काढली, मोबाइल काढला आणि कामाला लागली. काम मात्र ती नीट करत होती. हेल्मेटची पुढची कड भुवईच्या वर दोन बोटं हवी. पट्टे कानाखाली एकत्र यायला हवेत. बक्कल लावल्यावर हनुवटीखाली एकच बोट शिरायला हवं. मग मान जोरात हलवायची. हेल्मेट जागचं हललं तर नापास. एकतीस मुलींची तिनं तपासणी केली आणि एकतीसही वेळा मान हलवली ती तिनं स्वतःच, नकारार्थी.

"मॅडम, मग लिहा ना नापास," तांबे म्हणाले.

"कसं लिहू? ॲपमध्ये 'नापास' नाहीच आहे." तिनं मोबाइल दाखवला. दोनच बटणं होती : 'बसले' आणि 'नंतर बसेल'. "मी तीनदा वर कळवलंय, की माप चुकलंय. ते म्हणतात, मुली वाढत्या वयाच्या आहेत. आणि एक तरी 'बसले' आल्याशिवाय हे ॲप बंदच होत नाही. मागच्या शाळेत मी संध्याकाळी सातला मोबाइलची बॅटरी संपेपर्यंत बसून होते."

मोरे सरांना तिची दया आली, की चेष्टा करायची लहर आली, कोण जाणे. त्यांनी एक हेल्मेट उचललं आणि खुर्चीवर बसलेल्या तांब्यांच्या डोक्यावर ठेवलं. टक्‌ असा आवाज झाला. खोलीतले सगळे वळून बघू लागले.

श्रुतिका उठली. तिनं भुवईवर दोन बोटं ठेवली. बरोब्बर दोन. पट्टे कानाखाली जुळवले, बक्कल लावलं, हनुवटीखाली बोट घालून पाहिलं. "मान हलवा, सर." तांब्यांनी मान हलवली. हेल्मेट त्यांच्याबरोबर गेलं आणि त्यांच्याबरोबर परत आलं. उभ्या आयुष्यात त्यांच्या डोक्याला एवढं चपखल काही बसलं नव्हतं. त्यांना ते काढावंसंच वाटेना.

"अगं बाई," श्रुतिका म्हणाली. इतक्या शाळांत तिनं असं काही पाहिलेलं नव्हतं. सवयीनं तिनं फोटो काढला आणि 'बसले' दाबलं. ॲपनं नाव विचारलं, तिनं घातलं. ॲपनं इयत्ता विचारली. आठवी, नववी, दहावी एवढेच पर्याय होते, तिनं मधला निवडला. नावाआधीचं 'कु.' त्यानं आपणहून लावलं. मग ते बंद झालं आणि श्रुतिकाला पाचची एसटी मिळाली.

चौथ्या दिवशी तांब्यांच्या मोबाइलवर संदेश आला : "प्रिय कु. राजेंद्र, तुझ्या शिक्षणाच्या वाटेवर आम्ही तुझ्यासोबत आहोत. रोज दूध पी."

मागोमाग पत्रही आलं. जिल्ह्यातील पहिली यशस्वी लाभार्थिनी म्हणून कु. राजेंद्र तांबे, इयत्ता नववी, हिची निवड झाली होती. एक सायकल तिला तात्काळ द्यावी. तिने हेल्मेट घालून शंभर किलोमीटरचा प्रवास पूर्ण केला, की उरलेल्या तीस सायकली खुल्या करण्यात येतील. रोज किती किलोमीटर झाले, ते फोटोसह कळवावे.

"चूक कळवतो मी त्यांना," तांबे म्हणाले.

"अजिबात नाही!" मोरे सर दाराशी जाऊन उभे राहिले. "चूक कळवली की दुरुस्तीचं प्रपत्र येईल. त्यात पावसाळा उजाडेल. शंभर किलोमीटर म्हणजे काय हो? मुलींसाठी करा."

"सर, मला सायकल येत नाही."

मोरे सरांनी दारातून मैदानाकडे पाहिलं. "मुलींना येते ना," ते म्हणाले.

घरी निशाला हे सांगितलं, तेव्हा तिनं शिलाई मशीन थांबवलं. "म्हणजे मुलींची सायकल तुम्हाला मिळाली, आणि तुम्हाला येत नाही म्हणून मुली शिकवणार?"

"हो."

"टोपली आहे पुढे?"

"आहे."

"मग येताना भाजी आणत जा," निशा म्हणाली आणि मशीन चालू केलं.

पुढचे आठ दिवस मधल्या सुट्टीत सगळी शाळा मैदानाच्या कडेला बसून डबे खायची आणि तांबे सायकल शिकायचे. सेजल बिरवाडीला मामाकडे सायकल शिकली होती. ती मागचं कॅरिअर धरून पळायची.

"सर, खाली नका बघू! समोर बघा! समोर!"

"समोर झाड आहे गो!"

"मग झाडाकडं नका बघू! जिकडं बघाल तिकडंच जाल!"

तांबे झाडाकडेच बघत, आणि तिकडेच जात. पण नवव्या दिवशी सेजलनं कॅरिअर कधी सोडलं, ते त्यांना कळलंच नाही. मैदानाला पूर्ण एक फेरी मारून ते परत आले आणि थांबायचं कसं, हे विचारायचं राहून गेल्यामुळे आणखी तीन फेऱ्या मारल्या. व्हरांड्यातून चंद्राबाई झारा वाजवत होत्या. त्या रात्री तांब्यांना छान झोप लागली.

मग रोजचा क्रम ठरला. सकाळी लवकर येऊन ते सायकल ढकलत वरच्या वळणापर्यंत नेत, दीड किलोमीटर. तिथं कोंडावरून उतरणाऱ्या मुलींची वाट बघत. मुली आल्या, की पिवळं हेल्मेट घालून ते उतारावरून शाळेकडे सुटत आणि मागून एकतीस मुली पळत. शाळा सुटल्यावर मुलींना वळणापर्यंत सोडून एकटेच पुन्हा उतरत. रस्त्याच्या कडेला गवत कापणारी माणसं आधी हसली, मग हात करू लागली. दिवसाला तीन किलोमीटर, फोटोसह. संस्थेकडून आठवड्याला संदेश येई : "शाब्बास, कु. राजेंद्र! तुझ्या आईवडिलांना अभिमान वाटत असेल."

त्रेसष्ट किलोमीटर झाले होते, त्या सकाळी उतारावर समोरून दुधाची जीप आली. रस्ता अरुंद. तांबे बिथरले, दोन्ही ब्रेक दाबायचे सोडून नुसता पुढचा दाबला. सायकल होती तिथेच थांबली. तांबे थांबले नाहीत. हँडलवरून ते पलीकडे गेले आणि मोरीच्या दगडी कठड्यावर डाव्या कानाच्या वरच्या अंगाला आपटले. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. मागून येणाऱ्या मुलींनी तो ऐकला.

सेजल पोचली तेव्हा ते उताणे पडून आभाळाकडे बघत होते.

"सर! उठू नका, सर! काय दिसतंय तुम्हाला? नाव सांगा तुमचं!"

"कु. राजेंद्र तांबे," तांबे म्हणाले, "इयत्ता नववी."

मुलींनी एकच हंबरडा फोडला. सरांच्या डोक्याला मार लागला, सर कामातून गेले, असं एकीनं ओरडून जीपवाल्याला सांगितलं. खरं म्हणजे गेला महिनाभर ते रोज हेच नाव लिहीत होते, त्यामुळे तोंडात तेच आलं. जीपवाल्यानं त्यांना दुधाच्या कॅनांमध्ये बसवून पोलादपूरला डॉक्टरांकडे नेलं. कोपर सोलवटलं होतं, बरगडीला मुका मार होता. डोक्याला काही नव्हतं, खरचटलंसुद्धा नव्हतं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, तारीख विचारली, दोन तास बसवून ठेवलं. मग हेल्मेट हातात घेतलं. डाव्या बाजूला ते कडेपासून टाळूपर्यंत तडकलं होतं आणि आतला पांढरा थर चेपून गेला होता.

"ही भेग तुमच्या कवटीची होती," डॉक्टर म्हणाले. "यानं स्वतःवर घेतली. पण बसलं होतं म्हणून हं. ढिलं असतं, तर तुम्ही कठड्यावर पोचायच्या आधीच ते ओढ्यात पोचलं असतं."

तांबे बाकावर बसून ते हेल्मेट मांडीवर फिरवत राहिले. बरगडी दुखत होती, पण त्यांच्या मनात दुसरंच चाललं होतं. तो उतार, ती जीप आणि हँडलवर सेजल. हेल्मेट हनुवटीपर्यंत आलेलं, डोळे आत. किंवा मोरे सर म्हणाले तसं, हेल्मेट हँडलला लटकलेलं. दुसऱ्या दिवशी निशानं रजा टाका म्हणून सांगितलं, तरी ते शाळेत गेले, खण उघडला आणि ते टाइप केलेलं प्रमाणपत्र मोरे सरांच्या टेबलावर नेऊन त्यांच्यासमोर फाडलं. चार तुकडे केले. आठ करायला गेले, पण कोपर दुखलं.

"सर, मुली अजून दोन वर्षं चालत आल्या तरी चालेल. पण या टोपल्या डोक्यात घालून मी कुणाला उतारावर सोडणार नाही."

मोरे सरांनी तुकडे गोळा केले, आणि सवयच ती, एका फाइलमध्ये ठेवले.

तांब्यांनी अपघाताचा अहवाल पाठवला. उलट टपाली ज्ञापन आलं. "लाभार्थिनीने संस्थेच्या मालकीचे हेल्मेट तडकवले आहे. हेल्मेट सुस्थितीत राखणे ही लाभार्थिनीची जबाबदारी होती. सदर प्रसंगी हेल्मेटचे रक्षण का केले नाही, याचा लेखी खुलासा पालकांच्या सहीने करावा."

तांब्यांनी खुलासा लिहिला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी इतकं मन लावून काही लिहिलं नव्हतं.

"खुलासा करण्यात येतो की, सदर प्रसंगी हेल्मेटने डोक्याचे रक्षण केले. दोघांनी एकमेकांचे रक्षण करणे शक्य नव्हते. हेल्मेट फुटल्यामुळे डोके फुटले नाही. याउलट घडले असते, तर हेल्मेट सुस्थितीत परत पाठवता आले असते. परंतु पाठवणारे कोणी उरले नसते. हेल्मेट बसल्यामुळे माझा जीव वाचला. उर्वरित तीस हेल्मेट तीस मुलींना बसत नाहीत. मला आईवडील हयात नाहीत, सबब पत्नीची सही घेतली आहे."

खाली निशानं सही केली, ठळक.

हा खुलासा कोणी वाचला, कोणी नाही, देव जाणे; पण संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत त्यातलं एक वाक्य पोचलं : हेल्मेट बसल्यामुळे माझा जीव वाचला. अध्यक्षसाहेब गहिवरले. आपल्या हेल्मेटनं वाचलेल्या त्या शूर मुलीचा सत्कार आपण स्वतः जाऊन करायचा, असं त्यांनी ठरवलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मोठी गाडी शाळेच्या आवारात आली. आधी फोटोग्राफर उतरला, मग हातात कंपासपेटी, गुलाबी दप्तर आणि शाल घेऊन श्रुतिका उतरली. तिचा चेहरा पडला होता. वाटेत तिनं साहेबांना दोनदा सांगायचा प्रयत्न केला होता आणि साहेबांनी दोन्ही वेळा 'नंतर' म्हटलं होतं. मग अध्यक्षसाहेब उतरले. मुली त्यांच्याकडे बघू लागल्या, मग तांब्यांकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. साहेबांचं डोकं तांब्यांएवढंच होतं. तसंच रुंद, तसंच वर सपाट.

"कुठं आहे आमची राजेंद्र?" साहेबांनी हसून विचारलं.

कोपराला पट्टी बांधलेले तांबे पुढे झाले. "मीच, साहेब."

साहेबांनी त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं. "नववीत?"

"ॲपमध्ये. प्रत्यक्षात पुढच्या चार वर्षांत निवृत्त होईन."

साहेब श्रुतिकाकडे वळले. श्रुतिकानं पुस्तिका छातीशी धरली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. कारखान्यानं पाच मापांचे नमुने पाठवले होते. साहेबांनी ते कार्यालयात स्वतः घालून पाहिले. चार बसले नाहीत म्हणून परत केले, बसलं ते निवडलं, आणि त्या मापाची आठ हजार मागवली.

"चार सदोष होते, मला चांगलं आठवतंय," साहेब म्हणाले. "डोक्यात शिरतच नव्हते."

तेव्हा तांब्यांनी सेजलला बोलावलं. गेल्या रविवारी तिला आणि तिच्या आईला घेऊन ते महाडच्या बाजारात गेले होते आणि सायकलच्या दुकानातून तिच्या मापाचं एक साधं निळं हेल्मेट घेतलं होतं. ते सेजलच्या डोक्यावर होतं. तांब्यांनी साहेबांना भुवईवरची दोन बोटं दाखवली, कानाखालचे पट्टे दाखवले. सेजलनं मान गदगदा हलवली. वेण्या उडाल्या, हेल्मेट हललं नाही.

"आता हेच आपण घालून बघा, साहेब."

साहेबांनी घातलं. ते टाळूवर वाटीसारखं राहिलं. त्यांनी दाबलं. ते उडालं आणि चंद्राबाईंनी ते झेललं.

"हे सदोष आहे," साहेब म्हणाले.

तांब्यांनी शांतपणे खिशातून एक कागद काढला आणि पेन पुढे केलं. प्रपत्र 'ब' होतं. "नाव, घेर आणि कारण एवढंच भरायचं. घेर जास्त असल्यास काय लिहायचं, याचा रकाना नाही. आपण 'इतर' लिहा. मी मुलींचं तसंच लिहिलं होतं."

साहेबांनी चष्मा लावून प्रपत्र वाचलं. सावकाश वाचलं. 'उपाययोजना'पर्यंत आल्यावर त्यांचे कान लाल झाले.

"हे कुणी काढलं?"

"खाली आपली सही आहे, सर," श्रुतिका म्हणाली.

मग साहेबांनी खरोखरच पेन घेतलं, बॉनेटवर कागद ठेवला आणि नाव लिहिलं. घेर किती, म्हणून विचारलं, तेव्हा तांब्यांनी निशाचा टेप काढून त्यांचं डोकं मोजलं. चोवीस इंच आणि वर दोन रेघा. "माझंही एवढंच आहे," तांबे म्हणाले. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच माणसासारखे बोलले.

"तुम्हाला टोपी मिळते का हो कुठं?"

"नाही मिळत."

"मलाही नाही," साहेब म्हणाले. "कुणाला सांगता येत नाही."

सत्कार मात्र झालाच, कारण फोटोग्राफर आला होता. तांब्यांना शाल, कंपासपेटी आणि गुलाबी दप्तर मिळालं. दप्तर त्यांनी सेजलला दिलं. चंद्राबाईंनी साहेबांना खिचडी वाढली आणि त्यांनी दोनदा घेतली.

शंभर किलोमीटरची अट साहेबांनी तिथंच रद्द केली. तीन आठवड्यांनी नवी हेल्मेट आली, तीन मापांची, मागे फिरवून घट्ट करायची चकती असलेली. परीक्षा तोंडावर होत्या, तरी तांब्यांनी दोन दिवस घालवले. दुसरा कोणी बघू म्हटला तर ऐकेनात. एकेका मुलीसमोर उभं राहून भुवई, कान, हनुवटी, मग "हलव मान." उंच अंबाडे त्यांनी खाली उतरवायला लावले, मोठी डुलं काढायला लावली. नवव्या मुलीचं माप एक नंबर मोठं निघालं, तर तिला बदलून दिलं आणि तिच्या बहिणीचंही पुन्हा तपासलं. पडलीस आणि हेल्मेट आपटलं, तर दिसायला धड असलं तरी टाकून द्यायचं, मला येऊन सांगायचं, रागावणार नाही, हे त्यांनी एकतीस वेळा सांगितलं. मग प्रयोगशाळेचं कुलूप काढलं.

सोमवारी सकाळी मोरे सर आणि ते फाटकाशी उभे होते. वरच्या वळणावरून सायकली येऊ लागल्या, एकीमागून एक, ब्रेक दाबत, घंट्या वाजवत. मोरे सर मोजत होते. एकतीस झाल्यावर त्यांनी तांब्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेले.

टेबलावर नवं टपाल पडलं होतं. प्रतिष्ठानचंच. "आपल्या शाळेकडील तीस मोठी हेल्मेट शिल्लक असल्याचे दिसते. आपल्या तालुक्यात त्या मापाची डोकी कोठे उपलब्ध आहेत, याचा शोध घेऊन दहा दिवसांत अहवाल पाठवावा."

तांब्यांनी ते वाचलं, बाजूला ठेवलं, पेन उघडलं. तेवढ्यात खिडकीतून सेजलनं हाक मारली. तिच्या सायकलची चेन उतरली होती, आणि हाताला तेल लागेल म्हणून बाकीच्या मुली लांब उभ्या होत्या. तांबे बाह्या वर सारत बाहेर गेले.